बाभळीच्या तीन तारखा

दर साल जुलैच्या पहिल्या तारखेला नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्यात, बाभळी या गावी, गोदावरीच्या बंधाऱ्यावर एक लहानसा समारंभ होतो. समारंभ आपला म्हणायचा. तेथे हारतुरे नसतात की भाषणे नसतात. महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याचे काही अधिकारी, तेलंगणाचे काही अधिकारी आणि केंद्रीय जल आयोगाचा एक प्रतिनिधी एवढे मोजके लोक जमतात. पाण्याची पातळी पाहिली जाते, कागदावर सह्या होतात आणि बंधाऱ्याची चौदा दारे एकामागून एक वर उचलली जातात. ती २८ ऑक्टोबरपर्यंत खाली यावयाची नाहीत. पावसाळा सरला की दारे उतरतात, आणि पुढल्या १ मार्चला त्याच दारांतून ०.६ अब्ज घनफूट, म्हणजे साठ कोटी घनफूट, पाणी खाली तेलंगणाच्या पोचंपाड धरणाकडे सोडावयाचे असते. १ जुलै, २८ ऑक्टोबर, १ मार्च. या तीन तारखा सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने ठरवून दिल्या आहेत, आणि गोदावरीच्या दोन शेजाऱ्यांचे तेथले नाते आज या तीन तारखांवर उभे आहे.

संगीत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने पाटबंधाऱ्यांच्या कामात नाक का खुपसावे, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. त्याला एक उत्तर असे की पाटबंधारेवाले आणि तबलजी एकच शब्द वापरतात. कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीला आपल्याकडे आवर्तन म्हणतात. रब्बीचे आवर्तन, उन्हाळी आवर्तन. तालाचेही आवर्तनच. दोन्हीकडे अट एकच, की ठरल्या मात्रेवर परत यायचे. दुसरे उत्तर घरचे आहे. काचीगुड्याहून निजामाबाद-नांदेडकडे सुटणाऱ्या गाड्या आमच्या विद्यानगरच्या रुळांवरून जातात. माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांपैकी निम्म्यांचे आजोळ धर्माबाद, बिलोली, देगलूर किंवा परभणीकडचे. आमच्यासारख्या जुन्या घरांचे एक पाऊल येथे आणि एक त्या गाडीत. बाभळीला दारे वर गेली काय किंवा खाली आली काय, आमचे सगेसोयरे नदीच्या दोन्ही अंगांना आहेत.

माझे वडील निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांत दरबारी गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, दरबाराच्या गोष्टी मात्र ऐकल्या. सुटी मिळाली की आण्णा काचीगुड्याला गाडीत बसत आणि बासर, धर्माबाद, मुदखेड करीत नांदेडला उतरत. विसाव्या शतकाच्या आरंभी निजाम सरकारने बांधविलेल्या या मार्गाचे नावच मुळी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. वाटेत कोठे सरहद्द लागत नसे. नाणे हाली सिक्क्याचे, भाषा स्टेशनागणिक तेलुगूची मराठी होत जाई, पण मुलूख एकच. करोडगिरीचे नाके लागायचे ते पार मनमाडच्या अंगाला, इंग्रजी हद्द सुरू होण्याच्या आसपास. नदीचेही तसेच होते. अहमदनगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांच्या मध्ये गोदावरी हीच सीमा होती. कायगावचा काठ निजामाचा, पलीकडे टोक्याचा काठ इंग्रजांचा. पैठणच्या खाली मात्र नांदेड, बासर करीत ती कितीतरी कोस एकाच संस्थानातून वाहे. म्हणजे तेव्हाही वरच्या अंगाला नाशिक-नगरकडे मुंबई इलाखा, खाली सिरोंचाकडे मध्य प्रांत आणि पार शेवटी मद्रास असे निजामाचे गोदावरीवरचे शेजारी होतेच. पण पैठणकर आणि पोचंपाडकर हे एका घरातले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते वेगळे झाले. भाषावार रचनेत मराठवाडा तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. मराठी माणसाला त्याचा आनंदच झाला, आणि तो योग्यच होता. परंतु माणसांची भाषा बघून आखलेली रेघ नदीला विचारून आखलेली नव्हती. धर्माबाद आणि बासर यांच्यामध्ये आता राज्याची हद्द आली. बासरच्या सरस्वतीपुढे पाटीवर पहिले अक्षर गिरवायला आपल्या घरांतली मुले आजही नेतात. त्या देवळापासून थोडे वर गेले की कंदकुर्तीला मांजरा आणि हरिद्रा गोदावरीला मिळतात. एकाच दिवसात संगमाचे स्नान आणि सरस्वतीचे दर्शन करून येणाऱ्यांना दोन राज्यांचे पाणी अंगावर घेतल्याची जाणीवही नसते.

पुढे २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पोचंपाडच्या धरणाची पायाभरणी झाली. त्यालाच आज श्रीरामसागर म्हणतात. मूळ साठा ११२ अब्ज घनफुटांचा. वर महाराष्ट्रात पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका नदीवर दोन घरांनी दोन रांजण मांडले म्हटल्यावर कोणी किती बुडवायचे हा प्रश्न येणारच. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांच्या वाटणीसाठी न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ साली लवाद नेमला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. कृष्णेचा निवाडा लवादाला करावा लागला. २०६० अब्ज घनफुटांपैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० असे आकडे न्यायाधीशांनी दिले. त्यावरची भांडणे अजून मिटलेली नाहीत, दुसरा लवाद २००४ पासून बसलेला आहे. गोदावरीचे तसे झाले नाही. लवाद चालू असतानाच राज्ये आपापसांत बसली, करार केले आणि ते लवादापुढे ठेवले. १९८० च्या अंतिम निवाड्याचा कणा म्हणजे हे करारच होत. त्यांतला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा करार ६ ऑक्टोबर १९७५ चा, महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यामधला. पैठणच्या धरणापर्यंतचे आणि पूर्णेवरील सिद्धेश्वरपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राचे. त्याच्या खाली पोचंपाडपर्यंतच्या टापूत महाराष्ट्राने नव्या कामांसाठी ६० अब्ज घनफुटांपेक्षा जास्त वापरायचे नाही. उरलेले आंध्राने कसेही वापरावे. मोजक्या ओळींचा मजकूर, पण तो त्यांनी स्वतः लिहिला.

त्याच कराराचे मांजरेविषयीचे कलम हैदराबादकरांनी खरे तर फ्रेम करून लावावे. निजामसागराच्या वरच्या मांजरेत महाराष्ट्राने नव्या कामांसाठी २२ अब्ज घनफूट घ्यावे. आंध्राने सिंगूरला ३० अब्ज घनफुटांचे धरण बांधावे आणि त्यातून ४ अब्ज घनफूट पाणी हैदराबाद शहराला पिण्यासाठी न्यावे. हैदराबादची मौज अशी की शहर वसले आहे मुसीच्या काठी, आणि मुसी जाते वाडपल्लीला कृष्णेत. म्हणजे भूगोलाने आपण कृष्णेचे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात याच मुसीने हजारो माणसे नेली. मग विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. ते तलाव शहराला पुरेनासे झाले तेव्हा नळ वळवावा लागला तो मांजरेकडे, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्याकडे. तेव्हापासून हैदराबादच्या माठात बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगवणारे पाणी आहे. आता नागार्जुनसागराहून कृष्णा आणि येल्लमपल्लीहून गोदावरीही येते. पण वर मराठवाड्यात लातूरचे लोक ज्या नदीला मांजरा म्हणतात तिला खाली आल्यावर आपण मंजीरा म्हणतो, हे मला लहानपणापासून आवडते. आण्णांना तर ते नाव भजनातल्या झांजांचेच वाटे.

ही आवड फार काळ निर्धास्त ठेवता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. कृष्णेचे पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात! त्याच हंगामात खाली सिंगूरनेही तळ गाठला. १९७५ च्या कागदावर ४ अब्ज घनफूट लिहिलेले होते, पण नदीत नसलेले पाणी कागदातून काढता येत नाही. त्या उन्हाळ्यात हैदराबादेत आलेल्या लातूरच्या पाहुण्यांना आमच्या नळाला पाणी असल्याचे पाहून गप्प बसलेले मी पाहिले आहे. तांब्या भरून पुढे ठेवताना यजमानालाही काही बोलवत नसे.

बाभळीचे भांडण यामानाने अगदी लहान पाण्याचे. बंधाऱ्याचा साठा अवघा २.७४ अब्ज घनफूट. पण जागा अडचणीची. पोचंपाडचे धरण पूर्ण भरले, म्हणजे पाणी १०९१ फुटांच्या पातळीला टेकले, की त्याचा फुगवटा नदीच्या पात्रातून मागे सरकत हद्द ओलांडतो आणि बाभळीच्याही वर जातो. आंध्राचे म्हणणे असे की आमच्या तलावाच्या पोटात तुम्ही भिंत घालता. महाराष्ट्राचे म्हणणे असे की पात्र आमच्या हद्दीतले आहे आणि हे पाणी आमच्या ६० मधलेच आहे. आंध्र २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. बांधकामास परवानगी राहिली, दारे बसविण्यास मनाई झाली, आणि बिनदाराचा बंधारा काही वर्षे नदीत तसाच उभा होता.

जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहण्यास निघाले आणि धर्माबादेत त्यांना अटक झाली. काही दिवसांनी त्यांना विमानाने हैदराबादला परत पाठविण्यात आले. तो आठवडा येथल्या मराठी घरांना चमत्कारिक गेला. कोणी वावगे वागले असे नाही. हैदराबादचे लोक तसे नाहीत. पण भाजीवाला, रिक्षावाला, शिकवणीला मुलगी सोडायला येणारे वडील, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘मास्टारू, आपका बाभळी क्या बोलता?’ पिढ्यान् पिढ्या काचीगुडा, सुलतान बाजार आणि बर्कतपुऱ्यात राहिलेल्या माणसांना एकदम ‘तुमचा’ असा एक बंधारा मिळाला. आणि त्याच वेळी धर्माबादहून आतेभावाचा फोन, ‘बापू, तुमचा तो नायडू इकडं कशाला आला?’ म्हणजे तिकडच्यांच्या लेखी नायडू आमचा. दोन्ही बाजूंनी ‘तुमचे’ ऐकून घेणे हेच दोन घरांत नांदणाऱ्याच्या वाट्याला येते.

२०१३ च्या निकालाने दोघांचेही थोडेथोडे मान्य केले. बंधारा राहील, पण साठा २.७४ अब्ज घनफुटांच्या वर जायचा नाही. पोचंपाडच्या फुगवट्यात मोडणारे पाणी त्यात ०.६ अब्ज घनफूट. ते १ मार्चला खाली परत करायचे. पावसाळ्यात नदी अडवायची नाही. आणि हे सगळे होते की नाही हे पाहण्यास तिघांची समिती: दोन्ही राज्यांचा एकेक माणूस आणि जल आयोगाचा एक. आमच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक तेलुगू इंजिनीअर राहतात. संध्याकाळी त्यांची नात माझ्याकडे सरगम घोकते आणि ते बाहेर ओट्यावर बसतात. त्यांना मी एकदा विचारले की एकशेबारा अब्जांच्या धरणाने अर्ध्या अब्जासाठी सात वर्षे कोर्टात का घालवावी? ते हसले. म्हणाले, ‘मास्टारू, झगडा पानी का कम, दरवाजे की चाबी का ज्यादा था.’ वरच्याच्या हाती किल्ली असली की खालच्याला झोप लागत नाही. न्यायालयाने किल्ली कोणालाच दिली नाही, ती तारखांना दिली. त्यांचे हे म्हणणे मला पटले.

जुन्या हैदराबाद संस्थानाच्या अनुभवातही असेच एक उदाहरण आहे, आणि ते मोठे आहे. तुंगभद्रेवर धरण बांधावे ही कल्पना सर आर्थर कॉटन यांच्या वेळेपासूनची, १८६० च्या सुमाराची. एका काठावर मद्रास, दुसऱ्यावर निजाम, वरच्या अंगाला म्हैसूर. तिघांचे जमता जमता ऐंशी-एक वर्षे गेली आणि मधल्या काळात बल्लारी-रायचूरने दुष्काळ भोगले. शेवटी जून १९४४ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांनी प्रत्येकी ६५ अब्ज घनफूट घ्यावे असे ठरले. २८ फेब्रुवारी १९४५ रोजी पायाभरणी झाली ती एक नव्हे, दोन. डाव्या काठावर हैदराबादच्या बाजूने प्रिन्स ऑफ बेरार आझम जाह यांनी दगड बसविला, उजव्या काठावर मद्रासचे गव्हर्नर सर आर्थर होप यांनी. एक धरण, दोन यजमान. दोन्हीकडच्या इंजिनीअरांनी आपापल्या काठाकडून काम चालवीत मध्ये भेटायचे. बांधकाम चालू असताना निजामाचे राज्य गेले, मद्रासचे तुकडे झाले, बल्लारी म्हैसूरला गेली. तरी १९५३ साली धरण उभे राहिले आणि त्याच वर्षी ते चालविण्यासाठी तुंगभद्रा मंडळ नेमले गेले. करार करणारी दोन्ही सरकारे आज नकाशावर नाहीत, पण मंडळ अजून होसपेटला बसते, दर साल किती पाणी येईल याचा अंदाज करते आणि कोणाला किती ते ठरविते.

मंडळ होते म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गाळाने धरणाचा साठा मूळच्या १३३ अब्ज घनफुटांवरून बराच खाली आला आहे. आणि १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेहतीसपैकी एकोणिसाव्या दाराची साखळी तुटून दार वाहून गेले. भरलेले धरण एका भगदाडातून रिते होऊ लागले. त्या आठवड्यात कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण तिन्हीकडच्या शेतकऱ्यांचा जीव एकाच दारात अडकला होता. निवृत्त द्वारतज्ज्ञ कन्नय्या नायडू यांच्या सल्ल्याने वाहत्या पाण्यात एकावर एक लोखंडी तुकडे उतरवून आठवड्याभरात ते भगदाड बुजविले गेले. पाण्याच्या वाटपावर एरवी एकमेकांशी न बोलणारी खाती त्या दिवसांत एकाच तंबूत होती. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे आणि इतकी वर्षे साखळीची तपासणी कोणी करायची होती, हे प्रश्न नंतर आलेच. सामाईक वस्तूला मालक फार आणि वाली कमी, हे आपल्या जुन्या वाड्यांतल्या विहिरींवरून आपणास ठाऊक आहे.

राष्ट्राराष्ट्रांत हा मामला अधिक नाजूक होतो. भारत आणि पाकिस्तान यांनी १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधूच्या पाण्याचा करार केला. पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला, पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला. ती वाटणी कमी आणि फारकतच अधिक. पण १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे होऊनही तो करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवला. गंगेचा बांगलादेशाशी करार १२ डिसेंबर १९९६ चा, तीस वर्षांच्या मुदतीचा. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांत फरक्क्याचे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटून घ्यायचे आणि मोजायला दोन्ही देशांची माणसे एकत्र उभी राहायची. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा असे नाही. दोघांनी एकाच पट्टीकडे बघायचे. माझ्या धंद्यात दोन गवयांना एकाच तंबोऱ्यावर गावे लागते, त्यातलाच हा प्रकार. युरोपात तर याहून गमतीचे आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या कॉन्स्टन्स सरोवरात सीमा नेमकी कोठून जाते याबद्दल त्या तिघांचे आजवर एकमत नाही. तरीही पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी त्यांनी १९५९ पासून एक सामाईक आयोग चालविला आहे. सीमेचा वाद बाजूला ठेवून गटाराचा विचार आधी केला. हुसेनसागराच्या काठाने नाकाला रुमाल लावून जाणाऱ्या आपल्या शहराला याचे मोल कळावे.

आपल्याकडे हे शहाणपण नव्हते असे मुळीच नाही. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. एका बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक ते सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्याने नव्हे तर गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने करायचे. ज्याच्या शेतात पाणी जायचे आहे त्याच्या हाती दार द्यायचे नाही, हे त्या लोकांना कोणत्याही लवादाशिवाय समजले होते. आज खुद्द महाराष्ट्रात नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचे जायकवाडीच्या पाण्यावरून दर दुष्काळात कोर्टात जाणे चालते, ते पाहिले म्हणजे तेलुगू शेजाऱ्याला नावे ठेवण्याचे धाडस होत नाही.

आणि गाऱ्हाणी एकाच बाजूची नाहीत. बाभळीला खालच्याला वरच्याची भीती वाटली. गडचिरोलीत सिरोंचाला उलटे झाले. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी मुंबईत करार केला आणि मेडिगड्ड्याच्या बंधाऱ्यासाठी १०० मीटरची पातळी ठरली. २१ जून २०१९ रोजी कालेश्वरम योजनेचे उद्घाटन झाले तेव्हा दोन्ही शेजारी राज्यांचे मुख्यमंत्री हजर होते, फोटो निघाले. पण फुगवट्याचे पाणी सिरोंचा तालुक्यातल्या मराठी-तेलुगू शेतकऱ्यांच्या शेतांत शिरले, आणि मोबदल्यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बंधाऱ्याचे खांबच खचले. कराराला मुख्यमंत्री येतात. फुगवट्याची खूण पाहायला तलाठीदेखील वेळेवर येत नाही. देगलूर-मुखेडकडे लेंडी नदीवरचा दोन राज्यांचा प्रकल्प तर चार दशके रेंगाळला. त्याच्या पाणलोटातली हसनाळसारखी गावे ऑगस्ट २०२५ च्या एका रात्री पाण्याखाली गेली आणि माणसे दगावली. हे दोन राज्यांनी मिळून करायचे काम होते, आणि मिळून करायच्या कामात पुनर्वसन शेवटचे राहिले.

आतेभावाला मी बाभळीच्या निकालाचे गुणगान ऐकवले तेव्हा त्याने मला बोलू दिले आणि मग म्हणाला, ‘बापू, नदीला पाणी असतंय तवा दारं वर. आन् दारं खाली टाकावी तं नदी उतरलेली. तिजोरी रिकामी झाल्यावर कुलूप लावायचं हाय हे.’ त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. परतीचा पाऊस सप्टेंबरात आटोपला तर २८ ऑक्टोबरला अडवायला पात्रात फारसे काही उरत नाही. आणि जुलैच्या पहिल्याला, पाऊस लांबला असेल तर, जे काही साठलेले असते तेही ऐन पेरणीच्या तोंडावर सोडून द्यावे लागते. तारीख पंचांग बघून येते, पाऊस पंचांग बघून येत नाही.

ओट्यावरच्या इंजिनीअर शेजाऱ्यांना मी हे सांगितले. त्यांनी थोडा विचार केला. खाली पोचंपाड काठोकाठ भरून दारांवरून पाणी समुद्राकडे चालले असेल, तर बाभळीची दारे पंधरा दिवस आधी उतरविल्याने तेलंगणाचे काही बिघडत नाही, हे त्यांनी कबूल केले. पण निकालातली तारीख एका राज्याने हलवायची नाही. समितीतल्या तिघांनी एकमताने सांगावे, दोन्ही सरकारांनी एकाच अर्जावर सही करून न्यायालयाकडे जावे. १९७५ साली दोघे बसलेच होते. पोचंपाडच्या पातळीचा आकडा रोज प्रसिद्ध होतो, बाभळीचा आकडा दोघांनाही कळतो. मोजण्याचे काम नव्याने करायचे नाही. समितीची माणसे दर वर्षी त्या बंधाऱ्यावर एकत्र येतातच. जुलैच्या पहिल्या तारखेला सह्या झाल्यावर चहा घेताना एवढा विषय निघाला तरी सुरुवात होईल. धर्माबादच्या शेतकऱ्यांना त्या दिवशी तेथे यायला सवड नसते. त्यांच्या पेरण्या चालू असतात.